घागरीवरची माझी सही

हात पुढे केलेल्यांची रांग पत्र्याच्या शेडमधून निघून मक्याच्या शेताकडेने थेट बसथांब्यापर्यंत गेली होती. कुणी मंडक्की, म्हणजे चुरमुरे, खात होतं, कुणी कावीळ झालेल्या पोराला कडेवर घेऊन उभं होतं. शेडमध्ये पाटावर बसलेला गावठी वैदू गुरुसिद्धज्जा आधी रोग्याच्या तळव्यांना कसल्याशा सालीचा 'प्रसाद' चोळायचा, तो वाळला की पितळी घागरीतलं नितळ पाणी त्या हातांवर ओतायचा. रोग्याने हात चोळले की खालच्या परातीत पाणी पिवळंधमक!

"उतरली रे, उतरली! डॉक्टर काय करतो? गोळी देतो. गोळी जाते पोटात, कावीळ बसलीय रक्तात. दोघांची भेट व्हायची कुठे?" अज्जा ओरडायचा. "नऊ वेळा धुवायचं, ताक प्यायचं, आणि गोळ्या नाल्यात!"

लोक हात जोडायचे. हे सगळं मी स्वतः पाहिलं आहे, कारण मी तिथे तपासायला गेलो होतो. तपासून आलो आणि त्या घागरीखाली सही केली.

मी फणीश, दावणगेरेजवळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख. आमच्याकडे बीएस्सीला प्रवेश घेतानाच तीन विषयांचा संच निवडावा लागतो. मी स्वतः भौतिक, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊन शिकलो आणि रसायनाच्या तावडीतून सुटलो याचा मला केवढा अभिमान! भौतिकच्या मुलांना रसायन सक्तीचं ठेवायचं की नाही, हे त्या वर्षी कॉलेजला ठरवायचं होतं. मी चार पानी टिपण लिहून दिलं होतं की काही गरज नाही.

रसायनाच्या वारिजा मेडम बैठकीत म्हणाल्या होत्या, "फणीश, जग काही तुमच्या संचाप्रमाणे बनलेलं नाही."

"मेडम, तुमचा विषय म्हणजे शिकलेल्यांचा स्वयंपाक," मी म्हणालो. सगळे हसले. मीच सगळ्यात मोठ्याने.

त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई हालप्पा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याची मुलगी पवित्रा बारावीत होती. डोळे पिवळे झाले होते. डॉक्टरांनी औषध देऊन तीन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला बोलावलं होतं आणि घरचे अज्जाकडे चला म्हणून मागे लागले होते.

"सर, आम्हाला काय कळतंय? तुम्ही एकदा बघून या. तुम्ही म्हणाल तसं करतो."

मी ऐटीत गेलो. घागरीखाली तार नव्हती, लोहचुंबक कशाला चिकटलं नाही. पाण्यात टॉर्च मारला, आरपार उजेड. तापमान मोजलं, घनता मोजली, साध्या पाण्याइतकीच. सालीचा रस वेगळा बघितला, त्यातही पिवळं काही दिसेना. घागरीच्या काठावर पांढरी कड होती, ती मी नखाने खरवडली आणि झटकून टाकली. शेडमागच्या आंब्याची साल माणसाच्या उंचीपर्यंत सोललेली होती. शेळ्यांनी खाल्ली असेल, असं मला वाटलं. शेळ्या एवढ्या उंच असतात का, हा विचारही डोक्यात आला नाही.

"लिहून द्या ना सर, पाण्यात खोट नाही म्हणून," अज्जा लोण्यासारखा मऊ होऊन म्हणाला. मी लिहून दिलं. खाली सही, हुद्दा, तारीख.

हालप्पाला म्हणालो, "पाणी शुद्ध आहे. बाकी तुझं तू बघ."

त्याने काय ऐकलं असेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

बाराव्या दिवशी पवित्राला दवाखान्यात न्यावं लागलं. ती बरळत होती, आईला ओळखत नव्हती. डॉक्टर हालप्पावर चिडले होते, "तीन दिवसांनी या म्हटलं होतं ना? औषध कुणी बंद केलं?" हालप्पाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मी तडक वारिजा मेडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी दोन प्रश्न विचारले.

"काठावर पांढरं काही होतं?"

"होतं."

"आसपास आंब्याचं झाड?"

"सोललेलं."

"तुमच्या लग्नात ओवाळताना लाल पाण्याची ओकुळी केली होती ना? कशाची होती?"

"हळद आणि चुना."

"हळद पिवळी, चुना पांढरा. मग पाणी लाल कसं झालं, हे कधी मनात आलं?"

नव्हतं आलं. पाटावर बसून ओवाळून घेतलं होतं, एवढंच.

"चुन्याची निवळी पाण्यासारखीच नितळ दिसते. आंब्याच्या सालीचा रस तिला लागला की पिवळा होतो. तुम्ही दोन्ही वेगवेगळं तपासलंत. रोग्याच्या हातांशिवाय दोन्ही एकत्र करून बघितलंच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडवर गेलो. माझं पत्र मोठं करून फळ्यावर चिकटवलं होतं. मला बघताच अज्जा ओरडला, "या, या! हेच ते यंत्रवाले सर!" लोकांनी मला वाट करून दिली. एका बाईने तर नमस्कार केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वारिजा मेडमनी पिशवीतून लाटणं काढलं. सालीचा रस चोळून त्यांनी ते घरूनच वाळवून आणलं होतं.

"अज्जा, जरा याच्यावर ओता."

"हे काय?"

"आजारी आहे बिचारं. चपात्या गोल होत नाहीत."

रांगेत खसखस पिकली. अज्जा घागर धरून बसला. तेव्हा पुढच्या एका म्हातारीने ती त्याच्या हातून ओढली आणि लाटण्यावर रिकामी केली. मेडमनी लाटणं चोळलं. परातीत पिवळं पाणी.

"अगं बाई, लाटण्याला कावीळ!" म्हातारी म्हणाली, आणि मग कुणी हसलं नाही.

मी फळ्यावरचं पत्र फाडलं. चुना आणि साल, सगळं उलगडून सांगितलं. रोग हातांतून निघत नाही, आजच्या आज दवाखान्यात जा, असं विनवलं. मागून एकाने विचारलं, "मग तेव्हा सही कशाला केलीत?" मला येत नव्हतं आणि येत नाही म्हणायची लाज वाटली, हेच खरं होतं. तेच मी सांगितलं.

पवित्रा वाचली. शुद्धीवर आल्यावर मला बघून तिने विचारलं, "सर, तुम्ही तर बघितलं होतं ना?" एवढंच.

चार पानी टिपण मी मागे घेतलं. आता पहिल्या वर्षाच्या रसायनाच्या तासाला मी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसतो. माझ्या पोरांना म्हणतो, बाबांनो, आवडो न आवडो, हे शिका. फसवणारा तुमचा संच विचारून येत नाही. आणि जे येत नाही त्यावर सही करू नका, जाणकाराला विचारा.

हालप्पा आजही माझ्या टेबलावर चहा आणून ठेवतो. परवा मी त्याला त्याच्या पाठदुखीवर काहीतरी सुचवलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि अगदी अदबीने विचारलं, "सर, हे तुमच्या विषयातलं आहे ना?"