करुणाबाईंची बदामी दारू आणि मी

मी करुणाबाईंची तोटीची बरणी बोलतेय. अंगानं काचेची, पण डूख धरण्यात नागिणीला हार जायची नाही!

शहाण्णव साली कुरकुंभच्या एका दारूच्या कारखान्यात आले. तिथल्या प्रयोगशाळेत करुणाबाई कामाला. कासुर्डीहून रोज एसटीनं यायच्या. बदामाच्या चवीची गोड दारू करायचं त्यांनीच मनावर घेतलं. जर्दाळूच्या बिया फोडायच्या, आतली बदामाच्या वासाची कडवट गिरी भाजून भरडायची, महिनाभर माझ्या पोटात स्पिरिटमध्ये मुरवायची. मग गाळून, साखरेचा गार पाक घालून आठ दिवस मला हलवायचंसुद्धा नाही. गिरीचं तेल वर तरंगतं, खालची नितळ दारू तोटीतून काढायची. पाक चिकटतो म्हणून बाई दर वेळी तोटी गरम पाण्यानं धुवायच्या. लेकरासारखं जपलं हो मला!

मालकांना चव आवडली. लगेच सुपरवायझर नवनाथ म्हणाला, "माझीच कृती हाय, साहेब."

"खोटं हाय! दोन वर्सं मी राबलेय," बाई बोलल्या.

झालं! मालकांनी नवनाथचंच खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून बाईंना बाटल्या धुवायला बसवलं. मी आतल्या आत धुमसत राहिले. म्हटलं, थांब गड्या, तुझेही दिवस भरतील.

बाईंचं लांबून बघितलेलं आठवून नवनाथनं पुढची दारू केली. तोटी धुतलीच नाही. आत साखर दगडासारखी बसली.

मोठी ऑर्डर द्यायला पुण्याचे पाहुणे आले. सगळ्यांसमोर नवनाथनं तोटी पिरगाळली. मी थेंब दिला नाही! मग त्यानं माझं झाकण काढलं.

"साहेब, वरून ओतू नगा," बाटल्या धुणारा सत्तार म्हणाला, "बाई खालूनच काढायच्या."

"तू मला शिकवतोस व्हय रं?" म्हणत त्यानं मला उचलून तोंडाकडूनच ओतलं. सगळं तेल पेल्यांत! पहिल्याच घोटाला पाहुण्यांनी रुमाल काढले. नवनाथच्या तोंडचं पाणी पळालं. अहाहा, काय गार वाटलं मला!

मालकांनी बाईंना बोलावलं. "पुन्हा करून दाखवा. तुमचं नाव लावू."

बाईंनी ओले हात पुसले. "तवा का न्हाई लावलं? आता ती चव मिळायची न्हाई. मला ही बरणी तेवढी द्या."

आता कासुर्डीला बाईंच्या घरी मी प्यायचं पाणी साठवते. मागं भर उन्हात नवनाथ दारात आला. "ताई, प्रमाण तेवढं सांगा. माझी नोकरी जाईल हो."

"पाणी प्या आन् निघा," म्हणत बाईंनी माझ्यातलं तांब्याभर पाणी पुढं केलं.

दुसऱ्याच्या हातचं आपल्या नावावर खपवणाऱ्यांनो, बाईंचं मन मोठं आहे. मला विचाराल, तर मी पाणीसुद्धा दिलं नसतं.