तिन्ही बायबलांत राजा जेवला

पोटचं पोर मातीत ठेवून आलेला बाप घरी येऊन आधी जेवतो, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या लेकानं ते दाखवलं. कब्रस्तानातून आला, अंघोळ केली, डोक्याला तेल लावलं, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाला, "आई, काही खायला आहे का?" शेजारणीनं आणलेलं ताट चाटूनपुसून संपवलं. डोळ्यांत टिपूस नाही. तिकडे सुनेनं अंथरूण धरलेलं. चार वर्षांची आमची चिमणी, तिच्या चपला अजून दारात होत्या! त्या दिवसापासून मी लेकाशी बोलणं टाकलं.

चर्चचे पाळकसाहेब समजूत घालायला आले. म्हणाले, "आजी, दावीद राजाचं बाळ गेलं तेव्हा तोही उठून जेवला होता."

"राजांची पोटं वेगळी असतात, साहेब," मी म्हटलं. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. जेवला कसा?

आमच्या मालकांचा नियम होता. एखादं वचन घशात अडकलं की घरातली सगळी बायबलं काढायची, एकेकानं एकेक वाचायचं आणि शेवटचं संपेपर्यंत कुणी मधे तोंड घालायचं नाही. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी तिन्ही टेबलावर मांडली. एकात तरी राजा नंतर रडला असेल, तेवढं लेकाच्या तोंडावर मारायचं, असा माझा बेत.

मालकांचं जुनं, जाडजूड मी घेतलं. शाळा चौथीपर्यंतची, बोट ठेवून वाचते. लेकरू आजारी होतं तोवर राजा उपाशी, जमिनीवर पडून देवापुढे रडत होता. ते गेल्याचं कळलं तसा उठला, न्हाला, तेल लावलं, जेवायला मागितलं. त्याच्या चाकरांनाही कोडं पडलं. बरं झालं, मी एकटीच नाही.

सुनेनं तिचं सोप्या भाषेतलं वाचलं. त्यातही जेवला. सोप्या भाषेत तर मेला जास्तच पोटभर जेवला.

तिसरं, पाळकसाहेबांनी ठेवलेलं, लेकाकडे. लिफ्टचा मिस्त्री तो, आवाज खणखणीत. आता उपास करून काय उपयोग, मी बाळाकडे जाईन, इथवर वाचलं आणि अडला. मागून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडला. पुढचं इवलंसं वाक्य आम्ही दोघींनी आत्ताच वाचलं होतं: बाळ माझ्याकडे परत येणार नाही. लेकाच्या तोंडून ते निघेना.

नियम मोडून सूनच बोलली. "आई, दवाखान्यात यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. तुमचा डबा मी नर्सबाईंना देऊन टाकायचे. हे म्हणायचे, तिला डोळे उघडू दे, मग तिच्याबरोबरच जेवतो."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही घर डोक्यावर घेतलेलं. तुम्हाला ऐकू कुठे जात होतं?"

इतर वेळी मी हे ऐकून घेतलं नसतं. लेक तसाच बसला होता, बोट त्या ओळीवर.

"मिट ते," मी त्याला म्हटलं. "तू काही चुकला नाहीस. तिन्ही पुस्तकं तुझ्या बाजूची आहेत. पण तू ताटावर बसलास ना, तेव्हा मला कळलं की ती आता यायची नाही. तेवढं मात्र माझ्याच्यानं माफ व्हायचं नाही रे."