हसायला मनाई असलेला फोटो

यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, आणि इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समधल्या आमच्या घराची अब्रू राखायची जबाबदारी माझ्या नवऱ्याने, परीक्षितने, एकट्याने अंगावर घेतली. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. सासरे गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. "हॉलवेतली तुझी भुतं काढ," तो चार दिवस बजावत होता. "आईला शॉक बसेल."

भुतं म्हणजे माझे फोटो. कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात त्या बाजारात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज माणसांचे फोटो मिळतात. त्यांच्याच पणतवंडांना नकोसे झालेले. मी ते आणते आणि त्यांच्यावर रंगवते. एका कर्नलसाहेबांना मी वटवाघळाचे पंख दिलेत, एका करारी बाईच्या मांडीवर मांजराचा सांगाडा बसवलाय. बाकीच्या बायका जिमला जातात, मी मेलेल्यांना पंख लावते. नवऱ्याने त्यांतल्या एकाकडेही आजवर धड पाहिलेलं नाही.

समोरच्या भिंतीवर बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा फोटो. तो सभ्य. आपल्याकडे माणूस गेला की फोटोसाठी घरभर शोधाशोध होते आणि शेवटी पासपोर्टचा फोटो मोठा करून त्याला चंदनाचा हार घालतात. पासपोर्टवाल्यांनी हसू नका म्हणून सांगितलेलं असतं. बाबा बिचारे मेल्यावरही तो नियम पाळत होते.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर माझी भिंत मोकळी. नुसते खिळे. साहेबांनी घरून काम करता करता सगळे फोटो बागेतल्या शेडमध्ये नेऊन टाकले होते, लॉनमोवरशेजारी. माझं डोकंच फिरलं. कारीट मिळालं नाही म्हणून पहाटे सुपरमार्केटातला चेरी टोमॅटो पायाखाली फोडून नरकासुर मारणाऱ्या माणसाला माझे फोटो तेवढे विचित्र वाटतात! मी वर जाऊन भांडणारच होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आल्या.

"आश्लेषा, अगं ती माणसं कुठे गेली?"

"कुठली माणसं, आई?"

"भिंतीवरची. तुम्ही दोघं दिवसभर कामात. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी बोलायचं कुणाशी? त्या मांजरवालीला काल भाजणीचं प्रमाण सांगितलं. ऐकून घेते हो बाई."

मग आम्ही दोघींनी टॉर्च घेऊन शेडमधून सगळे फोटो परत आणले. परीक्षित वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता.

कर्नलसाहेब जागेवर बसल्यावर आई वळल्या. त्यांनी बाबांच्या फोटोचा हार काढून ठेवला आणि फ्रेम माझ्या हातात दिली.

"ह्यांनाही कर."

"आई, परीक्षित मला घराबाहेर काढेल."

"मी बघते त्याला. आरोपीसारखा टांगलाय बापाला." मग त्यांचा आवाज उतरला. "रोज हाच चेहरा बघून बघून मला आता ते असेच आठवायला लागलेत गं. हसतानाचे डोळ्यांपुढे येतच नाहीत. जन्मभर हसवलं त्या माणसाने मला."

फोटो फ्रेममधून काढून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. पंख, शिंगं, भोपळा, काय हवं ते मी काढलं असतं. हसू कसं काढणार? व्हिडिओ कॉलवर बाबा मोबाइल असा धरायचे की आम्हाला छताचा पंखा दिसायचा, आणि ते हसले की त्यांचा नुसता आवाज ऐकू यायचा.

"तुम्ही करून दाखवा ना. कसे हसायचे?"

"चल, काहीतरीच!"

पण त्यांनी पदर खोचला. एक हात कमरेवर ठेवला, मान मागे टाकली. आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं, मग घशातून खर्जातलं हसू सुटलं आणि पार हॉलवेपर्यंत घुमलं. त्यांचे डोळे वाहत होते. मी पेन्सिल उचलली आणि भराभर ओठांचे कोपरे वर ओढले, गालांना वळ्या घातल्या.

वरचं दार धाडकन उघडलं. हेडसेट गळ्यात तसाच लोंबत असलेला परीक्षित जिना उतरता उतरता मधेच थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा?" त्याने हाक मारली.

आई हसायच्या थांबल्या नाहीत.