बाराव्या घरातला चांदपाशा

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. काळ्या रेक्झिनचा, पाच फूट लांब, चार फूट रुंद, वर आणि खाली लाकडी पट्टी. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझं सगळं आयुष्य गेलं. इंग्रजीच्या बारा काळांसाठी माझ्यावर बारा घरं आखलेली आहेत. त्यांतल्या अकरा घरांत काळ आहेत. बाराव्या घरात दुसरंच काहीतरी आहे आणि त्यापायी अयोध्या नावाच्या मुलीची दहावी एकोणीस वर्षं अडून राहिली. ती सुटली की नाही, हे सांगायला मी बोलतो आहे. दोष कुणाचा किती होता तेही सांगेन, माझा धरून.

माझा जन्म मे १९९९ मधला, धर्माबादचा. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे देविदास सर मूळचे तिथले. उन्हाळ्याच्या सुटीत ते रेक्झिन घेऊन चांदपाशा पेंटरकडे गेले. चांदपाशांनी तोवर किराणा दुकानं, मिरचीच्या आडती, दोन दवाखाने आणि एक बँड पार्टी यांच्या पाट्या रंगवल्या होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. पण समोरचं अक्षर पाहून हुबेहूब उतरवण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. सरांनी कागदावर सगळं लिहून दिलं. चांदपाशांनी चार दिवस उकिडवं बसून मला रंगवलं. वर्तमानकाळ पिवळा, भूतकाळ पांढरा, भविष्यकाळ हिरवा.

बारावं घर तळाशी, उजव्या कोपऱ्यात होतं. दुकानाच्या पाटीवर त्याच कोपऱ्यात पेंटर आपलं नाव टाकतो. अकरा घरं भरून हात तिथं पोहोचला आणि सवयीनं त्यानं तिरप्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं, खाली एक लांब रेघ ओढली. चांदपाशा.

सर न्यायला आले तेव्हा रंग वाळला होता. भविष्यकाळातला शेवटचा काळ राहिला, असं त्यांनी दाखवलं. चांदपाशांना त्यात काही वावगं दिसेना.

“सर, बोर्ड कुनाचाबी असू द्या,” ते म्हणाले, “कोपरा पेंटरचाच असतो.”

सर हसले. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं आणि तो काळ बोलण्यात फारसा येतही नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मला गुंडाळून काखेत मारलं. नांदेडला गाडी बदलून एसटीनं आम्ही शाळेत आलो.

तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं आणि मुलं त्या तासाला धास्तावलेली असायची. सरांनी एक रीत पाडली. रोज एका मुलानं आपल्या घरातलं एक काम वर्गात आणायचं. सर त्या कामाचा इंग्रजी शब्द सांगायचे आणि सगळा वर्ग तो शब्द माझ्या घराघरांतून फिरवायचा. गोलूनं म्हैस धुणं आणलं, तेव्हा त्यानं म्हैस रोज धुतली, आत्ता धुतली, काल धुतली, उद्याही धुतली. अकरा घरं फिरून म्हैस चकचकीत होऊन बाहेर पडली. मुलं हसायची आणि हसता हसता शिकायची. माझ्यासमोर बसणारी मुलं न अडखळता इंग्रजी वाक्य करतात, असा शेरा केंद्रप्रमुखांनी शेरेबहीत लिहिला. गावानं दोनदा सरांची बदली थांबवली. ते माझे खरे दिवस होते.

पहिल्या वर्षी सर बाराव्या घरापाशी थांबत, पेंटरची गंमत सांगत आणि राहिलेला काळ खडूनं फळ्यावर लिहीत. दुसऱ्याच वर्षी गंमत आखूड झाली. तेव्हापासून ते छडी तिथं टेकवून “आन् हे चांदपाशाचं घर” एवढंच म्हणत आणि तास संपवत. जुन्या मुलांना कारण ठाऊक होतं. नव्यांना कुणी सांगितलं नाही. माझ्यावर लिहिलेलं सगळं खरं असतं, अशी त्यांची खात्री होती.

त्या नव्यांमध्ये अयोध्या होती. तिच्याएवढी कामं कुणीच आणली नाहीत. तुरी पाखडणं, भिंत सारवणं, कालवण ढवळणं. ती वाक्यं म्हणायला लागली की आवाज रस्त्यावर ऐकू जायचा. २००३ मध्ये ती सातवी होऊन शेजारच्या गावच्या हायस्कूलला गेली. तिथं काय झालं, हे मला फार उशिरा कळलं.

देविदास सर २०१४ मध्ये निवृत्त झाले आणि लातूरला मुलाकडे राहायला गेले. चार वर्षांनी वर्गात मोठा टीव्ही आला. माझ्या खिळ्यावरून त्याची वायर गेली. मी काही दिवस कपाटामागे उभा होतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रेक्झिनमधून पाणी झिरपत नाही. मला स्वयंपाकखोलीत नेऊन पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांवर टाकलं, अक्षरं पोत्यांकडे करून. अंधारात मी माझी घरं पाठ म्हणत राहिलो.

पुढल्याच वर्षी खिचडी शिजवायला नवी बाई आली. ती अयोध्या होती. तिचं लग्न गावातल्या गावात झालं होतं आणि धाकटी तनुजा याच शाळेत शिकत होती. रोज सकाळी ती माझी कड उचलून तांदूळ काढायची आणि कड पुन्हा सोडून द्यायची. पाच वर्षं तिनं मला असं उचललं, उलटून कधी पाहिलं नाही.

२०२४ च्या जुलैत छत गळलं. मला वाळत घालायला म्हणून तिनं उचललं आणि उलटं केलं. तनुजा तेव्हा सातवीत होती, ताटं घासायला मदत करत होती. तिनं भराभर अकरा घरं वाचली आणि शेवटच्या घराशी खुदकन हसली.

“आई, हा चांदपाशा कोन हाय?”

अयोध्या पोत्यावर बसली. मग तिनं लेकीला सांगितलं. दहावीच्या वर्गात हायस्कूलच्या सरांनी बाराव्या काळाचं नाव विचारलं होतं. एकटी अयोध्या उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, चांदपाशा, सर. आधी सर हसले, मग वर्ग. वर्षभर मुली तिला त्याच नावानं हाका मारत होत्या. त्या तासाला तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. मार्च २००६ च्या परीक्षेत बाकीचे सगळे विषय सुटले आणि इंग्रजीत एकोणतीस गुण पडले. उन्हाळ्यात लग्न झालं.

“मला वाटायचं माझंच डोकं खराब हाय,” ती म्हणाली. “इथं तर लिवलंय की गं.”

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या रंगाची लाज वाटली.

त्याच महिन्यात गावच्या अंगणवाडीत जागा निघणार असल्याची चर्चा होती. जागा बारावीवर होती. बारावीच्या आधी दहावी, आणि दहावीच्या वाटेत इंग्रजी. तनुजानं कुठून तरी देविदास सरांचा नंबर मिळवला आणि आईच्या कानाला फोन लावण्याआधी सगळं आपणच सांगून टाकलं. सर ऐकत राहिले. चांदपाशा हे तक्ता रंगवणाऱ्या पेंटरचं नाव, ते तीन वर्षांपूर्वी गेले, असं त्यांनी सांगितलं.

“अयोध्या, चूक पेंटरची न्हाई,” ते म्हणाले. “माझी हाय. एक वाक्य सांगायचा कंटाळा केला मी.”

मग त्यांनी तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायला सांगितलं. अभ्यासक्रम बदललाय, सगळे विषय पुन्हा द्यावे लागतील, असंही बजावलं. या वयात लोक हसतील, असं अयोध्या पुटपुटली. तनुजानं फोन ओढून घेतला.

“भरते ती, सर. न्हाई भरला तर मीच तिला चांदपाशा म्हनून हाक मारीन.”

मला भिंतीवर दोन खिळे मिळाले. खिचडीची भांडी घासून झाली की अडीच ते चार शाळा भरायची. तनुजा पळी घेऊन उभी राहायची आणि फार कडक असायची. आई बसल्या जागेवरून बोलली तर पुन्हा उभं राहायला लावायची. माझ्या घरांतून आता तांदूळ धुतला गेला, वाटाणे भिजले, दीडशे मुलं जेवली. पहिले दोन महिने अयोध्याचा आवाज चुलीपलीकडे जात नव्हता. दिवाळीनंतर बाहेर हात धुणारी मुलं खिडकीशी थांबून ऐकायला लागली.

बाराव्या घरात तिनं चांदपाशांच्या नावाखाली खरा काळ खडूनं लिहिला. नाव तिनं पुसलं नाही. दमट हवेनं खडू उडायचा आणि ती तो पुन्हा लिहायची. जानेवारीत तर पुस्तक न बघता लिहू लागली.

परीक्षेचं केंद्र शिरूर अनंतपाळला होतं. पहिल्या दिवशी एका मुलीनं तिला सुपरवायझर समजून जागा विचारली, आणि अयोध्यानं ती शोधून दिली. इंग्रजीच्या पेपरला ती शेवटच्या घंटेपर्यंत बसली. परत आल्यावर कसा गेला म्हणून तनुजा मागं लागली. एकही ओळ कोरी सोडली नाही, एवढंच तिनं सांगितलं.

निकाल मे महिन्यात दुपारी एकला लागायचा होता. शाळेला सुटी होती. स्वयंपाकखोलीची किल्ली अयोध्याकडे असते. कुणासमोर बघायला नको म्हणून दोघी तिथं आल्या. फोनवर पान उघडलं तशी तनुजा म्हणाली, थांब, मी सांगते.

“आण इकडं,” अयोध्या म्हणाली. “माझं मी वाचते.”

तिनं फोन हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बैठक क्रमांक वाचला, स्वतःचं नाव वाचलं, आईचं नाव वाचलं. मराठीचे गुण वाचले. इंग्रजीच्या ओळीवर अंगठा ठेवला, उचलला. अठ्ठेचाळीस. पुढचे सगळे विषय तिनं त्याच आवाजात वाचले आणि तळाशी आलेला उत्तीर्ण हा शब्द इंग्रजीतून मोठ्यानं उच्चारला. तो बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेला असणार.

अंगणवाडीची जागा दुसऱ्या बाईला मिळून गेली होती. बारावीला अजून वेळ आहे आणि पुढची जागा कधी निघेल कुणाला माहीत नाही. अयोध्याला हे ठाऊक आहे. तरी जूनमध्ये तिनं पुढच्या फॉर्मची चौकशी केली.

मित्रांनो, माझ्या रंगाचे आता टवके निघत आहेत. मला जपा, असं म्हणायची ही जागा आहे. पण मी ते मागत नाही. उद्या शाळेत तुमच्या ताटात खिचडी पडेल, तेव्हा वाढणाऱ्या बाईंना एकदा विचारा, बाई, तुमचा कोणता विषय राहिला? त्या आधी सांगणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि त्यांनी उत्तर दिलं, की ते कसंही असलं तरी हसू नका.