चादरीवरचं वजन

मी यंदा शाळेच्या धावण्याच्या संघाची कप्तान झाले, त्यामुळे आईची तयारी मीच करून घेणार हे घरात कुणाला विचारायची गरजच नव्हती.

आई बावन्न वर्षांची, इस्पितळात वॉर्डातली मावशी. वॉर्डातले सत्तरीचे पेशंटसुद्धा तिला मावशीच म्हणतात. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर तिची झोप उडाली, अंगातून वाफा निघायला लागल्या, आणि तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं चालून भागणार नाही, ताकदीचा व्यायाम हवा. आई घरी येऊन म्हणाली, "जन्मभर माणसं उचलली. आता आणखी काय उचलू?"

त्यातच इस्पितळाने चाचणी काढली. चादर धरून पेशंटला एकटीने पलंगावरून स्ट्रेचरवर ओढायचं. जमलं तर वॉर्डात, नाही तर घरी.

मग मी कंबर कसली. पहाटे पाचला भिंतीला टेकून बैठका, भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर-खाली, आणि शेवटी पलंगावर पेशंट म्हणून मी. पहिल्या आठवड्यात मी जागची हलले नाही. दोन महिन्यांनी आई मला सरळ शेजारच्या बाकावर घ्यायला लागली. तिला झोपही लागायला लागली. दंड फुगवून बाबांना म्हणाली, आता माझ्या नादी लागू नका. बाबा खरंच दोन पावलं मागे सरकले.

चाचणीला मी शाळा बुडवून गेले आणि दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिले. पलंगावर माणूस नव्हता, वाळू भरलेला माणसाएवढा पुतळा होता. आईने गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, अगदी मी शिकवलं तसं, आणि ओढलं. पुतळा ढिम्म. तिने पुन्हा ओढलं. बाहेर माझ्या टाचा आपोआप फरशीत रुतल्या, अंग वर उचललं गेलं, आणि तेव्हा मला कळलं. पलंगावर मी रोज हेच करत होते. तिचा चेहरा लाल झाला की टाचा रोवून स्वतःला सरकवत होते. मुद्दाम नाही, शप्पथ.

तिसऱ्यांदा तिची कंबर धरली. मोठ्या सिस्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचीला बोलावलं.

घरी येताना मी एका दमात सगळं कबूल केलं. आई चिडली नाही.

"मला वाटलं, मी सुधारतेय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाचला मी उठवायला गेले. ती जागीच होती, घामाने भिजलेली, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, नोकरी गेली तरी हाडं आपलीच आहेत ना, ऊठ.

"तू जा धावायला," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय आता?"

मी बूट घातले, काढले, परत घातले. तिने वळून पाहिलं नाही.