चार ठिपक्यांचा एक ठिपका

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझ्या मालकाविषयी माझे मत मुळीच चांगले नाही. तो एका वर्तमानपत्रासाठी खेळांचे फोटो काढतो. मी कारखान्यातून निघालो तेव्हा एका फोटोत दोन कोटी चाळीस लाख ठिपके टिपण्याची ताकद माझ्यात होती. उंच उडी घेणाऱ्या खेळाडूच्या भुवईवरचा घाम मी टिपला आहे. "काय नजर आहे याची!" असे लोक म्हणत, आणि मालक मान डोलवी, जणू ती नजर त्याचीच होती.

मग त्याला शहाणपण सुचले. माझ्या मेनूत 'छोटा रॉ' नावाची एक सोय आहे. रॉ म्हणजे कच्चा फोटो, मला दिसले ते सगळे. छोटा रॉ म्हणजे चार ठिपक्यांचा एक ठिपका करायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. मालकाने ती सोय चालू केली आणि मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून इतरांना धडे देऊ लागला.

"अरे, पेपरात फोटो येतो तळहाताएवढा. त्याला कशाला हव्यात एवढ्या जाड फायली? कार्ड भरत नाही, ऑफिसला पटकन जातात, आणि सलग फोटोही जास्त निघतात."

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या, हे मी नाकारत नाही. खेळाडू चौकटभर असेल तर छोट्या फायलीने काही बिघडत नाही. तिसरी गोष्ट मात्र माझ्या बाबतीत शुद्ध थाप होती. मला फोटो आधी पूर्णच घ्यावा लागतो आणि मग दूध आटवावे तसा तो आटवावा लागतो. त्यात माझा दम उलट लवकर संपतो. एकदा ऐन गोलाच्या वेळी मी अडकलो, तर मालकाने माझ्या डोक्यावर टपली मारली. म्हणे, "म्हातारा झालाय!" नाचता येईना अंगण वाकडे. माझी माहितीपुस्तिका त्याने कधी उघडली नाही. ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहे.

त्याची भाची दोनशे मीटर धावते. निवड चाचणीच्या दिवशी मालक बहिणीशेजारी स्टँडच्या वरच्या पायरीवर बसला होता. पहिल्या तिघींना संघात जागा होती आणि भाचीचे या वयोगटातले ते शेवटचे वर्ष. वळणावर आठही मुली मी एका चौकटीत घेतल्या, एकेक मुंगीएवढी. भाची दुसरी आली. बहिणीने आनंदाने डोळे पुसले. तेवढ्यात पुकारा झाला, की वळणावर आतल्या रेघेवर पाय पडल्यामुळे ती बाद आहे. हरकत घ्यायला अर्धा तास होता.

"दादा, तुझ्याकडे फोटो असेल ना?" बहिणीने त्याची बाही धरली.

"असेल काय, आहेच! चल."

पंचांच्या टेबलावर त्याने लॅपटॉप उघडून फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. पंच बाई चष्मा सरसावून पुढे झुकल्या.

"बूट पांढरा, रेघही पांढरी. बूट कुठे संपतो ते दाखवा बरं."

मालकाचे बोट पडद्यावर कधी इथे, कधी तिथे फिरत राहिले.

"मूळ फाइल उघडा ना," बाई म्हणाल्या.

"हीच मूळ आहे."

हरकत फेटाळली गेली.

मित्रांनो, मला दिसले होते. बूट आणि रेघ यांच्यामध्ये बोटभर लाल जमीन मी स्पष्ट पाहिली होती. आणि या अतिशहाण्याच्या हुकमावरून मीच ती आटवून टाकली. मालकाची मला नेहमीच कीव येते, त्या दिवशी स्वतःची किळस आली.

"जुना कॅमेरा आहे गं, काय करणार," मालक बहिणीला सांगू लागला.

भाचीने मला त्याच्या हातातून घेतले. मेनूत 'छोटा' हा शब्द तिला लगेच सापडला.

"मामा, हे मोठं ठेवता आलं असतं?"

मामाने लॅपटॉप मिटला.

"माझा पाय रेघेवर नव्हता, मामा."

मग तिने स्वतःच मला 'पूर्ण' वर आणले आणि परत त्याच्या हातात दिले. "आता रिले शर्यत आहे. तिचे फोटो नीट काढ. मी नाहीये त्यात."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू द्या, मला कपाटात कोंडा, माझी तक्रार नाही. पण जे एकदाच घडते ते पूर्ण टिपा. लहान काय, नंतर केव्हाही करता येते. एवढी साधी गोष्ट कळायला माझ्या मालकाला भाचीचे शेवटचे वर्ष खर्ची घालावे लागले.