कमरबींची डावी चप्पल

आमचा शहाजीमामा एके काळी पडद्यावरचा हरामखोर होता. हा शब्द माझा न्हाय, त्याचाच. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांत लोकांच्या विहिरी बळकावणं, विधवांना घराबाहेर काढणं, सगळी पापं यानंच केली. आता पंच्याऐंशीला टेकला. मामी गेली, तशी मुंबईची खोली सोडून नवी पेठेत माझ्याकडं राहायला आला. येताना ती नावाजलेली मिशीसुद्धा काढून आला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन केलं न्हाय तर डोळे कायमचे जातील, अशी डॉक्टरांनी तंबी दिली तरी हा ढिम्म. "बघण्यासारखं राहिलंय काय, ऋतुजा? आन् मला तरी कोण ओळखतंय?" म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. मला लई राग यायचा. माझं फॉल-पिकोचं दुकान, मी मशीन चालवायची की याच्या मिनतवाऱ्या करायच्या?

शेवटी म्हटलं, बघू या तर खरं, ओळखतंय का कुणी. समोरच्या सरफराजचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, त्याच्याकडं प्रोजेक्टर. मामाचा एक जुना सिनेमा मिळवला आणि रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये चादर ताणून लावला. बोळातली झाडून सगळी आली. सिनेमात मामा हाय हे मी मुद्दामच कुणाला सांगितलं न्हाय. त्याला हाताला धरून नेलं आणि खुर्चीत बसवलं.

त्याच्या पलीकडं कमरबी बसल्या. शेजारच्या बांगडीवाल्या. मामावर त्यांची लई माया, रोज "भाऊ, एवढं खावा" म्हणत वाटीभर काहीतरी आणून द्यायच्या.

सिनेमा सुरू झाला. मामाला दिसत काही नव्हतं, पण कान पडद्याकडं होते. "आता ती वळून बघंल," माझ्या कानात म्हणाला, आणि खरंच हिरोईननं वळून बघितलं. "डोळ्यांत पाणी आणायला तिला काही लावावं लागायचं न्हाय. अशी बाई पुन्हा झाली न्हाय." कितीतरी दिवसांनी तो एवढं बोलला.

मग पडद्यावर मिशीवाला मामा आला. तान्ह्या लेकरासाठी पाणी नेणाऱ्या विधवेच्या डोक्यावरची घागर त्यानं मातीत उपडी केली आणि म्हणाला, "माझ्या शिवारात पाणीसुद्धा मला विचारून वाहतं."

सगळ्यांच्या नजरा चादरीवर. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडं कुणी वळूनसुद्धा बघितलं न्हाय. मामाची मान खाली गेली. कुठून ही अवदसा आठवली, असं झालं मला.

तेवढ्यात कमरबी उठल्या. "मेल्या, लेकराच्या तोंडचं पानी वतलंस? हात झडतील तुजे," म्हणाल्या आणि डाव्या पायातली चप्पल काढून भिरकावली. चादर अर्धी खाली आली. सरफराजनं कपाळाला हात लावून सिनेमा थांबवला.

मामानं माझं मनगट धरलं. "कसला आवाज झाला गं?"

"कमरबींनी चप्पल मारली."

"कुटं बसली?"

"तुझ्या नाकावर."

"आण ती हिकडं."

मी आणून दिली. तो चपलेवरून हात फिरवत बसला. "टाळ्या हिरोला पडायच्या," म्हणाला. "मी ह्याची वाट बघायचो."

कमरबी अजून धुसफुसत होत्या. "भाऊ, तुमी मधी पडू नका. तुमाला दिसलं न्हाई, लई नालायक हाय त्यो."

मामा खुर्चीचा हात धरून उभा राहिला. पाठ ताठ केली आणि बेंबीच्या देठापासून आवाज काढला, "माझ्या शिवारात पाणीसुद्धा मला विचारून वाहतं."

कमरबी मटकन खाली बसल्या. "या अल्ला. आन् मी याला खीर चारली." हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्यांचा राग काही उतरेना. "का छळलंत वो त्या बाईला?"

"चुकलं," मामा हात जोडून म्हणाला. "पुन्हा न्हाय करणार."

"बरं. चप्पल द्या."

"बक्षीस परत देत न्हाईत, कमरबी."

त्या एक पाय अनवाणी, बडबडत घरी गेल्या. मामा चप्पल काखेत मारून माझ्यासोबत चालत आला. दारात थांबला.

"ऋतुजा, डॉक्टरांना उद्याच विचार. ऑपरेशन झाल्यावर सिनेमा कधी बघू देतात?"

"का? आता काय बघायचंय?"

"पुढच्या वेळी ती उजवी फेकंल की. तवा तिचं तोंड बघायचंय मला."